रीशूट झालेल्या प्रीक्वेलकडून आशा ठेवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'रोग वन'च्या रीशूटच्या, म्हणजे काही भाग पुन्हा चित्रित करण्याच्या, बातम्या २०१६ मध्ये आल्या तेव्हा तुम्ही धास्तावला होतात, आणि प्रत्यक्षात तो तुमच्या सगळ्यात आवडत्या चित्रपटांपैकी एक ठरला. त्या अनुभवावर विसंबून त्याच मालिकेतल्या 'सोलो'चे दिग्दर्शक मध्येच बदलले तरी तुम्ही धीर सोडला नाहीत, आणि २०१८ मध्ये चित्रपटगृहातून हिरमुसून बाहेर आलात. त्याआधी 'द थिंग' या भयपटाच्या २०११ मधल्या प्रीक्वेलनेही (म्हणजे मूळ गोष्टीआधी काय घडलं ते सांगणाऱ्या चित्रपटानेही) तुमची निराशाच केली होती. आता एखाद्या विज्ञानपटाच्या प्रीक्वेलबद्दल 'पुन्हा चित्रीकरण', 'तारीख पुढे ढकलली', 'नवा लेखक आणला' असं काही वाचलं की मनाची तयारी कोणत्या बाजूने करायची ते कळत नाही, असं तुम्ही म्हणता.

मी मुंबईत चित्रपटांचं संकलन करते, बहुतेक हिंदी आणि मराठी. एवढ्या प्रचंड खर्चाच्या परदेशी चित्रपटावर मी काम केलेलं नाही. पण बिघडलेला चित्रपट एडिट टेबलावर कसा दिसतो आणि तो सावरायला काय लागतं, हे माझं नेहमीचं काम आहे. शिवाय या चित्रपटांवर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भीतीचा एक मोठा भाग बाजूला करू. रीशूट झालं एवढ्यावरून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. आमच्याकडे याला पॅचवर्क म्हणतात आणि ते बहुतेक प्रत्येक चित्रपटात होतं. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, सलग पाहिला की कुठे दुवा निखळलेला दिसतो, कुठे पात्राचा निर्णय पटत नाही, कुठे एका वाक्याने काम झालं असतं तिथे तीन प्रसंग खर्ची पडलेले असतात. मग काही दिवस शूट करून ती भोकं बुजवतात. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत या दिवसांची सोय वेळापत्रकात आणि नटांच्या करारात आधीच केलेली असते. त्यामुळे विचारायचं ते हे, की जे बिघडलंय ते दुरुस्त होण्यासारखं आहे का? आणि चित्रपट प्रीक्वेल असेल तर या प्रश्नाला एक वेगळंच वळण मिळतं, कारण त्याचं एक टोक आधीच पक्कं ठोकलेलं असतं. पुढची गोष्ट लोकांनी पाहिलेली आहे. नव्या चित्रपटाला तिथे जाऊन जुळावंच लागतं.

मी संकलक असल्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा त्या जोडावर जातं. प्रीक्वेल जुन्या चित्रपटाला नेमका कुठे, कशाने जोडला जाणार आहे? माझ्या मते बिघडलेला प्रीक्वेल सावरणार की नाही, हे बरंचसं यावर ठरतं. तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं यासाठी फार चांगली आहेत, कारण तिन्हींचे जोड तीन प्रकारचे आहेत.

त्याआधी पॅचवर्कने काय सावरतं आणि काय सावरत नाही, हे सांगायला हवं.

प्रदर्शनाआधी प्रेक्षकांना दाखवून पाहतात त्या चाचणीच्या खेळानंतर लोक हमखास शेवटाबद्दल तक्रार करतात. 'क्लायमॅक्स लांबला', 'शेवटी काही वाटलंच नाही'. प्रेक्षकाला दुखतं तिथे तो बोट ठेवतो, पण दुखण्याचं मूळ पुष्कळदा पहिल्या अर्ध्या तासात असतं. मी केलेल्या एका चित्रपटात पाहणारा प्रत्येक जण म्हणत होता की शेवटचा संघर्ष कोरडा आहे. निर्मात्यांची तयारी तो पूर्ण भाग पुन्हा चित्रित करायची होती. आम्ही त्याला हात न लावता सुरुवातीला दोन लहान प्रसंग घातले: एकात नायिका भावाशी खोटं बोलते, दुसऱ्यात ते खोटं तिला पचत नाही. शेवट होता तसाच ठेवला, आणि नंतरच्या खेळाला लोक तिथे मुसमुसत होते. तेव्हा पात्राची ओळख, त्याचा हेतू, दोन प्रसंगांमधला दुवा, शेवटाची लांबी या गोष्टी पॅचवर्कने सुधारतात आणि कधी कधी चित्रपट पार पालटून जातो.

सुधारत नाही तो सूर. चित्रपट विनोदी अंगाने जातोय की गंभीर, नट संवाद फेकतायत की मुरवून बोलतायत, कॅमेरा पात्रांच्या किती जवळ आहे, हे प्रत्येक शॉटमध्ये भिनलेलं असतं. चार प्रसंग बदलून सूर बदलत नाही, उलट ते चार प्रसंग उपरे वाटतात. सूर बदलायचा तर जवळजवळ सगळं पुन्हा चित्रित करावं लागतं. आणि मूळ कल्पनेतच प्रश्न नसेल, म्हणजे ही गोष्ट का सांगायची याचं उत्तर कोणाजवळच नसेल, तर कितीही दिवस शूट केलं तरी ते उत्तर सापडत नाही.

आता 'रोग वन'.

त्याची कल्पना जॉन नोल यांची. ते मुळात दृश्यपरिणामांच्या क्षेत्रातले, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमधले. १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीला जो मजकूर पडद्यावर वर सरकत जातो, त्यात बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या महाशस्त्राचे आराखडे चोरल्याचा उल्लेख आहे. तेवढ्या एका उल्लेखातून अख्खा चित्रपट उभा राहिला. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स. संकलकांपैकी कॉलिन गाउडी यांनी तर चित्रीकरणाच्या कितीतरी आधी, इतर शेकडो चित्रपटांतले तुकडे जोडून पूर्ण लांबीचा एक कच्चा आराखडाच तयार केला होता, म्हणजे कुठला प्रसंग किती वेळ चालेल याचा अंदाज यावा. माझ्या धंद्यातल्या कोणालाही हेवा वाटावा असं काम आहे हे. एवढी तयारी असूनही चित्रपट अडचणीत आला आणि २०१६ च्या मध्यावर टोनी गिलरॉय या अनुभवी लेखक-दिग्दर्शकाला बोलावण्यात आलं.

गिलरॉय यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की चित्रपट मोठ्या संकटात होता, पण आत शिरल्यावर उपाय त्यांना अगदी साधा दिसला: यातले सगळे मरणार आहेत, म्हणजे हा त्यागाचा चित्रपट आहे, आणि प्रत्येक पात्राला त्या त्यागापर्यंत आणून सोडायचं आहे. मजा म्हणजे अगदी सुरुवातीच्या मसुद्यात नायिका जिन आणि तिच्यासोबतचा बंडखोर हेर कॅसियन जिवंत राहत होते, कारण डिस्नी सगळ्यांना मारू देणार नाही असं लेखकांनी गृहीत धरलं होतं. चित्रीकरणाआधीच ते बदललं. पण शेवट ठरला तरी त्या शेवटाकडे नेणारी वाट तयार नव्हती.

मग नव्याने काय चित्रित झालं? संकलक जॉन गिलरॉय यांनी सांगितलंय त्यानुसार बरीचशी भर सुरुवातीला पडली: कॅसियनची पहिली ओळख, ज्यात तो आपल्याच खबऱ्याला मारतो, साम्राज्यातून फुटलेला वैमानिक बोधी याचा जेडा या जगावरचा प्रवास, कैदेत असलेल्या जिनच्या सुटकेची पूर्वतयारी. म्हणजे दुखणं शेवटी होतं आणि औषध सुरुवातीला दिलं गेलं. कॅसियन ध्येयासाठी खबऱ्याला गोळी घालतो हे आपण पाहिलेलं असतं, म्हणूनच पुढे त्याला जिनच्या वडिलांवर नेम धरून चाप ओढवत नाही तेव्हा त्याला काय होतंय ते आपल्याला समजतं. शेवटही आवळला. आधीच्या रचनेत आराखड्यांची कोठी आणि ते प्रक्षेपित करायचा मनोरा वेगवेगळ्या जागी होते, पात्रांना किनाऱ्यावरून धावत जावं लागे. दोन्ही एकत्र आणल्यावर ती धावपळ गळली. ट्रेलरमध्ये जिन आणि कॅसियन किनाऱ्यावरून पळताना दिसतात आणि चित्रपटात तो शॉट सापडत नाही, त्याचं कारण हे.

आणि साम्राज्याचा खलनायक डार्थ वेडर याचा तो शेवटचा बोळातला प्रसंग. तो अगदी उशिरा, प्रदर्शनाला काही महिने उरले असताना चित्रित झाला, आणि एडवर्ड्स यांनी सांगितल्याप्रमाणे ती सूचना संकलक जेबेझ ओल्सन यांची होती. लोक त्याला चाहत्यांसाठीचा नजराणा समजतात. मला तो चित्रपटातला सगळ्यात कामाचा प्रसंग वाटतो. नीट पाहा: त्या बोळात काळोखातून येणारा वेडर महत्त्वाचा आहेच, पण कॅमेरा सतत पाठलाग करतो तो आराखड्यांच्या तबकडीचा. दार अडकतं, एक सैनिक फटीतून ती पलीकडच्याच्या हातात देतो आणि मरतो. पुढचा ती घेऊन धावतो. शेवटी ती बंडखोरांच्या बाजूची राजकन्या लेया हिच्या हातात पडते, आणि तिथून काही क्षणांच्या अंतरावर १९७७ चा चित्रपट सुरू होतो. जोड म्हणतात तो हा. यात १९७७ च्या चित्रीकरणात न वापरलेले वैमानिकांचे काही शॉटसुद्धा घेतले आहेत, म्हणजे जुनी फिल्म अक्षरशः नव्यात सांधली आहे.

शेवट माहीत असताना जीव टांगणीला लागतो कसा, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बाजीप्रभू वाचणार नाहीत हे लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी विशाळगडावरून तोफा ऐकू येईपर्यंत पावनखिंडीची गोष्ट ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला राहतो. कोण जगणार, याला तिथे महत्त्वच नसतं. महाराज गडावर पोचेपर्यंत खिंड टिकते का, एवढंच असतं. 'रोग वन'ला असाच प्रश्न मिळाला होता. म्हणून दुरुस्ती करायला आलेल्या माणसाला, तो त्या विश्वाचा चाहता नसतानाही, प्रत्येक प्रसंगाला एकच गोष्ट विचारता आली: याने आराखडे पुढे सरकतात का? न सरकवणारं कापायचं, सरकवणाऱ्याचा हेतू पक्का करायचा. काळ कमी असला तरी दिशा स्पष्ट होती. चित्रपटाने जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर कमाई केली, पण तुम्हाला तो आवडला त्याचं कारण हे आहे, असं मला वाटतं.

'सोलो'चा जोड मात्र कोणत्याही घटनेशी नव्हता. तो एका माणसाच्या, जुन्या चित्रपटांतला तस्कर हान सोलो याच्या, स्वभावाशी होता, आणि तो स्वभाव सगळ्यांना पाठ होता.

घडलं ते थोडक्यात सांगते. फिल लॉर्ड आणि क्रिस्टोफर मिलर यांना जून २०१७ मध्ये बाजूला केलं गेलं. चित्रीकरण काही महिने होऊन गेलं होतं, थोडेच आठवडे उरले होते. वाद मुख्यतः सुराचा होता असं तेव्हाच्या बातम्या सांगत होत्या: ते दोघे नटांना ऐनवेळी संवाद रचू देत आणि विनोदाकडे झुकत, तर लॉरेन्स आणि जोनाथन कॅझ्डन या बापलेकांनी लिहिलेली पटकथा शब्दशः यावी असं निर्मात्यांना हवं होतं. दोनच दिवसांत रॉन हॉवर्ड यांचं नाव जाहीर झालं. त्यांनी चित्रपटाचा फार मोठा भाग पुन्हा चित्रित केला. मायकेल के. विल्यम्स यांच्या तारखा जुळल्या नाहीत म्हणून त्यांची भूमिका पॉल बेटनी यांनी नव्याने केली. संकलकही बदलले.

आता माझ्या नजरेने सांगते, कारण तुमची इथे थोडी गफलत होतेय असं वाटतं. 'सोलो' रीशूटमुळे बिघडला नाही. एवढ्या उलथापालथीनंतर चित्रपट इतका एकजीव दिसणं ही विलक्षण कामगिरी आहे. कुठे एकाचं दिग्दर्शन संपलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं ते मला शोधूनही सापडत नाही. रेल्वेच्या दरोड्याचं संकलन तर मी शिकाऊ मुलामुलींना दाखवते: कोण कुठल्या डब्यावर आहे, दरी किती दूर आहे, हे एका क्षणीही हरवत नाही. म्हणजे सूर बदलण्यासाठी जे करावं लागतं ते त्यांनी केलं. तरीही तुम्ही हिरमुसलात, कारण दुरुस्ती सुराची झाली आणि उणीव प्रश्नाची होती.

हान सोलोबद्दल आपल्याला काय ठाऊक नव्हतं? त्याला आडनाव कसं मिळालं, पिस्तूल कोणी दिलं, त्याचा केसाळ साथीदार च्युबाका कुठे भेटला, मिलेनियम फाल्कन हे यान पत्त्यांत कसं जिंकलं, केसल रन ही ज्या सफरीची तो फुशारकी मारतो ती कशी पार पडली. चित्रपट ही सगळी उत्तरं एकापाठोपाठ एक देत जातो. पण ही माहिती मिळाली नाही म्हणून जुना हान आपल्याला कधी अपुरा वाटला नव्हता. एकटा आहे म्हणून भरती करणारा अधिकारी त्याच्या नावापुढे 'सोलो' लिहून टाकतो, तिथे पात्र मोठं होण्याऐवजी लहान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे धावणारी तबकडी इथे नाही. 'याने काय पुढे सरकतं' असं विचारलं तर बहुतेक प्रसंगांना उत्तर देता येत नाही, आणि मग उत्तम दिग्दर्शक, उत्तम संकलक आला तरी तो फक्त प्रसंग नीटनेटका करू शकतो.

एक अपवाद आहे, आणि तो पाहून मला फार बरं वाटलं होतं. शेवटी त्याचा गुरू बेकेट बोलता बोलता त्याला गुंतवून ठेवतोय हे हान ओळखतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळी झाडतो. १९७७ च्या चित्रपटात मद्यालयात टेबलाखालून गोळी घालणारा माणूस इथे जन्माला येतो, तेही ज्याने त्याला शिकवलं त्याच्यावर गोळी झाडून. हा खरा जोड होता. सगळा चित्रपट या एका गोळीच्या दिशेने रचला असता, विश्वास टाकणारा मुलगा आधी गोळी घालायला कसा शिकला याची गोष्ट सांगितली असती, तर दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला दिशा मिळाली असती. तसं झालं नाही. त्या गोळीनंतरही चित्रपट पुढच्या भागांची दारं उघडत बसतो. तो २५ मे २०१८ ला आला, आधीचा 'स्टार वॉर्स' चित्रपट येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. सुमारे ३९ कोटी डॉलर जमले, आणि झालेल्या खर्चापुढे ते फारच अपुरे पडले. पुढे बऱ्याच चाहत्यांना तो आवडू लागला हेही खरं. तुम्ही तो पुन्हा पाहणार असाल तर चांगल्या पडद्यावर, खोली पूर्ण अंधारी करून पाहा. ब्रॅडफर्ड यंग यांचं छायाचित्रण मुद्दाम मंद उजेडाचं आहे आणि अंधुक प्रक्षेपणात ते मारलं जातं.

'द थिंग'चं दुखणं तिसऱ्या प्रकारचं. ही बर्फात सापडलेल्या, कोणाचंही रूप घेऊ शकणाऱ्या परग्रहावरच्या जीवाची गोष्ट. १९८२ च्या जॉन कार्पेंटर यांच्या चित्रपटात अमेरिकन तळावरचे लोक नॉर्वेच्या उद्ध्वस्त तळावर जातात तेव्हा त्यांना लाकडात रुतलेली कुऱ्हाड, खुर्चीत गोठलेला गळा चिरलेला माणूस, आतून पोकळ झालेली बर्फाची लादी, दोन चेहरे एकमेकांत विरघळलेलं जळकं प्रेत अशा खुणा दिसतात. २०११ चा चित्रपट त्या तळावर काय घडलं ते सांगतो, आणि कलादिग्दर्शकांनी यातली एकेक खूण बारकाईने जुळवली आहे. त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण खुणा जुळवणं आणि गोष्टीचा जोड सापडणं या वेगळ्या गोष्टी.

प्रदर्शनाची तारीख एप्रिल २०११ वरून ऑक्टोबरवर गेली. मधल्या काळात जे बदललं त्यात दोन गोष्टी मोठ्या. अमॅल्गमेटेड डायनॅमिक्सच्या कारागिरांनी सेटवर प्रत्यक्ष बनवलेल्या जीवांवर बहुतेक ठिकाणी संगणकीय चित्रं चढवली गेली. आणि त्या जीवाच्या अंतराळयानातल्या शेवटात आधी परग्रहावरचा चालक होता, त्याच्या जागी तरंगणाऱ्या चौकोनी ठोकळ्यांचा एक स्तंभ आला.

पहिल्याबद्दल चाहते खूप चिडले आणि त्यामागे तंत्राचं कारण आहे. सेटवर रबराचा, यंत्रांनी हलणारा प्राणी असतो तेव्हा कॅमेरा त्याच्या मर्यादा सांभाळून लावतात, प्रकाश त्याला झाकायला वापरतात, आणि संकलक तो सर्वांत जिवंत वाटतो तेवढाच तुकडा ठेवतो. शॉटची लांबी त्या वस्तूच्या हालचालीवरून ठरते. नंतर तिच्या जागी काहीही करू शकणारा संगणकीय प्राणी बसवला, तर त्याला दुसऱ्याच्या मापाच्या चौकटीत वावरावं लागतं. नटांनी प्रतिक्रिया एका वस्तूला दिलेली असते आणि आपण पाहतो भलतंच. ती विसंगती प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण जाणवते.

तरी माझ्या मते मोठं नुकसान दुसरीकडे झालं. या प्रीक्वेलचा खरा जोड फार जबरदस्त होता: बर्फातून पळणारा कुत्रा, म्हणजे कुत्र्याच्या रूपातला तो जीव, आणि त्याच्यामागे हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडणारे नॉर्वेचे लोक, म्हणजे १९८२ च्या चित्रपटाची सुरुवात. ती माणसं हरली आणि तो जीव निसटला, हीच तर त्या तळाची शोकांतिका. हा प्रसंग २०११ च्या चित्रपटात आहे, पण श्रेयनामावलीच्या मध्ये पेरलेला. मुख्य शेवट यानाच्या आत घडतो, ज्याचा पुढच्या गोष्टीशी काहीच संबंध नाही. पुन्हा चित्रीकरणाचा आणि संगणकाचा खर्च त्याच भागावर झाला. दिशा हाताशी होती आणि दुरुस्ती भलत्या जागी झाली.

इथवरचं एकत्र मांडते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. 'रोग वन'मध्ये जोड घटनेचा होता आणि दुरुस्ती त्याला धरून झाली. 'सोलो'मध्ये दुरुस्ती सफाईदार झाली, पण जोडच धूसर होता. 'द थिंग'मध्ये जोड पक्का होता आणि दुरुस्ती त्याला सोडून झाली.

मग नवी बातमी आली की काय पाहायचं? काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या आपल्याला बाहेरून दिसत नाहीत: शेवटचा शब्द कोणाचा आहे, नटांच्या तारखा मिळाल्या का, सेट मोडला की उभा आहे, दिग्दर्शक एडिट रूममध्ये बसतोय की नुसता नावाला उरलाय. बाहेर येणारी कुजबुज बहुतेकदा भांडणातल्या एका बाजूची असते. चाचणीच्या खेळाबद्दल फुटलेल्या बातम्यांवरही मी फार भिस्त ठेवत नाही; तिथे लोकांनी अर्धवट दृश्यपरिणाम आणि उसनं संगीत लावलेला कट पाहिलेला असतो.

ट्रेलर तर पुरावा म्हणून अगदीच कच्चा. तो बनवणारी मंडळी वेगळी असतात आणि त्यांच्या हाती पडलेलं चित्रण कधी कधी कित्येक महिने जुनं असतं. 'रोग वन'च्या ट्रेलरमधला जिनसमोर लढाऊ विमान वर येतं तो प्रसिद्ध शॉट चित्रपटात नाहीच. संगीतकार बदलला म्हणूनही घाबरू नका. कट बदलला की आधीचं पार्श्वसंगीत बसत नाही, आणि मूळ संगीतकाराने दुसरीकडे शब्द दिलेला असतो. 'रोग वन'मध्ये अलेक्सांद्र देस्प्ला यांच्या जागी मायकेल जियाकिनो आले, त्यांना संगीत रचायला जेमतेम साडेचार आठवडे मिळाले, आणि चित्रपट त्यामुळे कोसळला नाही.

मी स्वतः बघते ते हे, की कोणाला बोलावलंय आणि कशासाठी. लेखकाला बोलावून मुख्य नटांना पुन्हा आणलं असेल, तर गोष्टीवर काम चाललंय असं समजावं, आणि मी आशा धरते. चित्रीकरण सुरू होऊन बराच काळ गेल्यावर दिग्दर्शक बदलला, तर सूर बदलायचा आहे असा अर्थ होतो. तेव्हा मी इतकंच मानते की चित्रपट व्यवस्थित दिसेल, पण ज्या वेडाने तो सुरू झाला ते वेड बहुधा उरणार नाही. आणि मुदतवाढीचं कारण 'दृश्यं अधिक भव्य करायला' असं दिलं असेल, तर मला काळजी वाटते.

याहून महत्त्वाची परीक्षा मात्र तुम्हाला बातम्यांशिवाय, घरी बसून करता येते. मूळ चित्रपट तुम्हाला पाठ आहे. प्रीक्वेलची कल्पना एका वाक्यात मांडा आणि बघा, त्यात कोणाला तरी काहीतरी, जुन्या गोष्टीच्या सुरुवातीपर्यंत, कशाची तरी किंमत मोजून पोचवायचं आहे का? ते वाक्य तयार झालं तर रीशूटच्या कितीही बातम्या येऊ देत, त्या चित्रपटाला सावरायला जागा आहे. 'अमुक माणूस अमुक कसा झाला' एवढंच हाती लागलं, तर पुढचा प्रश्न विचारा: असं होताना त्याने काय गमावलं, आणि ते गमावलेलं जुन्या चित्रपटात जाणवतं का? जाणवत असेल तर तिथेही आशा आहे. बेकेटवरची ती गोळी आठवा. आणि वाक्य नुसत्या वस्तूंची यादी झालं, तर तिकीट काढा, पण पहिल्याच दिवसासाठी रात्र जागवू नका.

माझ्याकडे कोणी अशी अडलेली फिल्म घेऊन येतं तेव्हाही मी हेच करते. टाइमलाइन उघडण्याआधी दिग्दर्शकाला शेवटचा शॉट कोणता आणि तो तोच का, असं विचारते. उत्तर पटकन आलं तर बाकी गोंधळ कितीही असो, काम होतं. दिग्दर्शक गप्प झाला, तर आम्ही त्या दिवशी कापायला घेत नाही, बोलत बसतो.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की तुमच्या अकरा वर्षांच्या भाच्याला हे विश्व दाखवायचं तर गोष्टीतल्या काळाच्या क्रमाने 'सोलो' आणि 'रोग वन' आधी दाखवावेत का. नको. आधी १९७७ चा दाखवा. वेडर पांढऱ्या धुरातून पहिल्यांदा आत येतो तेव्हा त्याला तो कोण हे माहीत नसावं. मग 'रोग वन', आणि तो संपल्या संपल्या, त्याला उठू न देता, १९७७ च्या चित्रपटाची पहिली दहा मिनिटं पुन्हा लावा. लेया तीच तबकडी वाकून यंत्रमानवात सरकवते तेव्हा ती तिच्यापर्यंत आणताना किती जण गेले हे त्याला ठाऊक असेल. 'सोलो' एखाद्या सुट्टीच्या दुपारी दाखवा, आणि रेल्वेचा दरोडा सुरू झाला की मध्ये बोलू नका. 'द थिंग' दोन्ही, त्याचं वय वाढेपर्यंत, अजिबात नको.